लाट अडते, वारा अडत नाही

टोबॅगो केज ही बेटं नकाशावर शोधताना बहुतेकांची नजर आधी टोबॅगोकडे जाते आणि तिथे ती सापडत नाहीत. त्रिनिदादच्या शेजारच्या टोबॅगोशी त्यांचं नातं नावापुरतंच. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्यामध्ये लहान लहान बेटांची एक ओळ आहे, तिला ग्रेनेडीन्स म्हणतात. या ओळीच्या दक्षिण भागात, मायरो बेटाच्या पूर्वेला पाच निर्मनुष्य बेटांचा हा पुंजका आहे. पेटी रामो, पेटी बातो, बॅरडल, जेम्सबी ही चार जवळजवळ, आणि पेटी टाबॅक जरा लांब, पूर्वेला. हे पाचवं बेट नाव ठाऊक नसतानाही अनेकांनी पाहिलेलं आहे. २००३ सालच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ चित्रपटात जॅक स्पॅरोला ज्या बेटावर सोडून देतात, ते हेच.

इथे वस्ती नाही, गोडं पाणी नाही, धक्का नाही. यायचं ते होडीने, आणि बहुतेक जण येतात ते दिवसापुरते: सकाळी युनियन किंवा मायरो बेटावरून निघायचं, कासवांबरोबर पोहायचं, प्रवाळ पाहायचे, वाळूवर बसून शेवंडं खायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं. मधले चार-पाच तास होडी रिकामी, नांगराच्या भरवशावर. शिडाच्या होडीची सहल पाहणाऱ्याला शिडांची वाटते, पण तिचा धोका बराचसा शिडं उतरवल्यानंतर सुरू होतो.

जागा मुळातच विचित्र आहे. नेहमीची शहाणी खलाशी रीत अशी की बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला जायचं. कॅरिबियनमध्ये वारा वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतो. हे व्यापारी वारे डिसेंबरपासूनच्या महिन्यांत १५ ते २५ नॉट वेगाने दिवसरात्र चालू असतात. त्यामुळे इथल्या बहुतेक बेटांची बंदरं आणि नांगरायच्या जागा पश्चिमेला आहेत. डोंगर मध्ये येतो, वारा आणि लाट दोन्ही अडतात.

टोबॅगो केजमध्ये डोंगर नाही. आहे ती घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रवाळांची रांग, हॉर्सशू रीफ, सुमारे चार किलोमीटर लांब. ती बेटांच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याकडच्या अंगाला आहे. तिच्यापलीकडे मोठी जमीन लागते ती थेट आफ्रिकेची, साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर. एवढं पाणी ओलांडून आलेली अटलांटिकची लाट या रांगेवर फुटते आणि आतल्या बाजूला शांत पाणी उरतं. प्रवाळ मात्र पाण्याच्या पातळीला असतात. लाट त्यांच्यावर आपटते, वारा वरून सरळ येतो. वाऱ्याला नवी लाट उभी करायला लांब पाणी लागतं आणि रांगेपासून होडीपर्यंत मिळतात काही शे मीटर, म्हणून पाण्यावर नुसती चुळबुळ. होडीच्या डोलकाठ्या, दोरखंड, गुंडाळलेली शिडं आणि कडा यांच्यावर मात्र उघड्या समुद्रातला पूर्ण वारा बसतो. डोळ्यांना तळं दिसतं, नांगराला अटलांटिक ओढत असतो. पहिल्यांदा येणारे फसतात ते इथेच.

आता नांगराकडे वळू. बारा मीटरच्या शिडाच्या होडीचं वजन आठ-दहा टन असतं आणि तिला धरणाऱ्या नांगराचं साधारण वीस ते पंचवीस किलो. वीस किलोचं लोखंड दहा टनांना धरतं ते वजनाने नाहीच. पूर्वीचा नांगर बराचसा वजनानेच धरत असे. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना जुने दगडी नांगर सापडले आहेत. अशा दगडांना भोकं पाडून त्यांत लाकडी खुंट्या बसवत, त्या तळात अडकत. तरीही बराचसा भरवसा दगडाच्या भारावर असे, आणि मोठ्या गलबताला असे अनेक दगड लागत.

लहान होडीच्या नांगराचा नीट विचार केला तो एका गणितज्ञाने. केंब्रिजचे जेफ्री इनग्रॅम टेलर हे विसाव्या शतकातले द्रवगतिशास्त्रातलं फार मोठं नाव. पहिल्या अणुचाचणीच्या छायाचित्रांत आगीचा गोळा किती वेळात किती पसरला हे मोजून त्यांनी स्फोटाची ताकद काढली होती, ती हकिगत भौतिकशास्त्राच्या वर्गात अजून सांगतात. हाच माणूस सुट्टीत स्वतःची लहान यॉट चालवायचा. लहान यॉटवर जड नांगर हातांनी ओढणं हा छळ, म्हणून त्यांनी प्रश्न उलटा धरला: हलका नांगर अधिक खोल कसा रुतेल? उत्तर शेतात होतं. दोन पंखांचा फाळ, त्याला बिजागरीने जोडलेला दांडा. ओढलं की फाळ आडवा पडून जमिनीत शिरतो आणि जितकं ओढावं तितका खाली जातो. १९३३ साली त्याचं पेटंट झालं आणि ‘सीक्यूआर’ नावाने तो पन्नास-साठ वर्षं जगभरच्या यॉटींच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लटकत राहिला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उभारलेल्या तात्पुरत्या मलबेरी बंदरांनाही त्याच धर्तीचे नांगर लागले. आज त्याची जागा बिनबिजागरीच्या, टोकदार, खोलगट फाळांच्या नव्या नांगरांनी घेतली आहे. ते लवकर रुततात आणि वारा फिरला तर स्वतः वळून पुन्हा रुततात. तत्त्व टेलरांचंच.

या तत्त्वाची एक अट आहे: ओढ आडवी हवी. फाळ जमिनीला समांतर ओढला तर खाली शिरतो, वर उचलत ओढला तर उपटून येतो. नांगर वर काढताना आपण नेमकं हेच करतो. म्हणून साखळी किती सोडायची हा प्रश्न खरं तर कोनाचा आहे. टोबॅगो केजमध्ये नांगरायच्या जागी समजा पावणेचार मीटर पाणी आहे. होडीची नाळ पाण्यापासून सव्वा मीटर वर. भरती-ओहोटीतला फरक इथे अर्ध्या मीटरच्या आसपास, कोकणातल्या उधाणाच्या मानाने काहीच नाही, पण तोही धरायचा. सोयीसाठी एकूण साडेपाच मीटर म्हणू. जोराच्या वाऱ्यात साखळी ताठ सरळ होते. तेव्हा या उंचीच्या तिप्पट साखळी सोडलेली असेल तर ती तळाशी साडेएकोणीस अंशांचा कोन करते. पाचपट सोडली तर साडेअकरा, सातपट सोडली तर आठच्या जरा वर. दहापट सोडली तरी सुमारे पावणेसहा. तिपटीवरून पाचपटीला जाताना आठ अंश हाती लागतात, सातपटीवरून दहापटीला जाताना जेमतेम अडीच. म्हणून अनुभवी कप्तान पाच आणि सात यांच्या दरम्यान थांबतात. आपल्या उदाहरणात ते सत्तावीस ते अडतीस मीटर झाले.

साखळीचं वजनही कामाला येतं. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. मंद वाऱ्यात तिची झोळी तळाशी पडून राहते आणि नांगराला ताण कळतही नाही. ही झोळी म्हणजे गणितातला तोच वक्र, ज्याचं सूत्र १६९१ साली हॉयगन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली या तिघांनी आपापल्या वाटेने सोडवलं. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरची ओढ चौपट होते, आणि पंचवीस-तीस नॉटला ती झोळी नाहीशी होते. मग उरतो तो फक्त कोन. ताठ झालेल्या साखळीला लवचीकपणाही नसतो, प्रत्येक झटका थेट नांगरावर जातो. म्हणून नाळेपासून साखळीला काही मीटर नायलॉनचा दोर जोडून ताण त्याच्यावर घेतात. नायलॉन ताणतो आणि झटका गिळतो.

हे सगळं ज्याला ठाऊक आहे तोही दुपारच्या मुक्कामाला कमी साखळी सोडतो. कारणं तयार असतात: जागेत गर्दी आहे, दोन तासांत निघायचं आहे, वारा ठीक आहे. इंग्रजी खलाश्यांमध्ये दुपारच्या जेवणापुरता टाकायचा म्हणून वेगळा, हलका नांगर ठेवायची पद्धतच आहे. माणसं होडीवर बसून जेवणार असतील तर ती पद्धत चालेल. इथे माणसं होडी सोडून डिंगी या छोट्या होडीतून अर्धा किलोमीटर लांब जातात आणि डोकं पाण्यात घालून कासवं पाहत बसतात. रात्री निदान कोणी तरी होडीवर असतं. माझ्या मते, रिकाम्या होडीचा दिवसाचा नांगर रात्रीच्या नांगराहून जास्त जबाबदारीचा, आणि त्याला साखळी रात्रीइतकीच द्यायला हवी.

अर्थात त्याआधी जागा शोधावी लागते, आणि इथे ती डोळ्यांनी शोधायची असते. पांढरट हिरवं किंवा फिकट पोपटी पाणी म्हणजे उथळ वाळू. तपकिरी, पिवळसर डाग म्हणजे वर आलेले प्रवाळ, तिकडे जायचंच नाही. गर्द निळं म्हणजे खोल. सगळ्यात फसवा तो मधला काळपट हिरवा पट्टा: तिथे गवत असेल किंवा खडक. रंग नीट दिसायला सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी लागतो. टोबॅगो केजला येणाऱ्या होड्या पश्चिमेकडून शिरतात, म्हणजे सकाळी तोंड सूर्याकडे. समोरचं पाणी चांदीसारखं चकाकतं आणि खालचं काही दिसत नाही. म्हणून घाई करून आठला पोचण्यात अर्थ नाही, दहा-अकराला पोचावं. नाळेवर एक माणूस उभा, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा, हाताच्या खुणांनी सुकाणूवाल्याला दिशा दाखवणारा. ओरडून काही उपयोग नसतो, वाऱ्याच्या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत.

वाळूचा पट्टा मिळाला की होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडायचा, आणि वारा होडीला मागे नेईल तशी साखळी देत राहायची. एकदम ओतली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो आणि कड्या फाळात अडकतात. पुरेशी साखळी गेली की इंजिन उलटं चालवून हळूहळू ओढ वाढवायची. नांगर रुतला की होडी हिसका खाऊन थांबते. खात्री करायची ती किनाऱ्यावर: एका रेषेत दिसणाऱ्या दोन वस्तू निवडायच्या, जवळचा खडक आणि मागचं झाड अशा. त्यांची रेषा मोडत चालली तर नांगर घसरतोय. आणि इथलं पाणी इतकं नितळ आहे की मुखवटा लावून नांगरावर पोहत जाऊन पाहता येतं. फाळ वाळूत गाडलेला दिसला तर बरं. आडवा पडलेला दिसला तर सगळं पुन्हा. एवढं करायला कंटाळणारे पुष्कळ आहेत.

मग फेर. सत्तावीस मीटर साखळी आणि बारा मीटर होडी, म्हणजे नांगराभोवती जवळजवळ चाळीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ. ऐंशी मीटर रुंदीची ही जागा प्रत्येक होडीची खासगी मिळकत धरली तर या बेटांत हंगामात फार थोड्या होड्या मावतील. प्रत्यक्षात वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि तरी टकरा होत नाहीत, कारण एकसारख्या वाऱ्यात सगळ्या होड्या एकाच दिशेला तोंड करून एकदमच झुलतात. पेटी रामो आणि पेटी बातो यांच्यामधली खिंड याला अपवाद. तिथे लाटांपासून आडोसा चांगला, पण भरती-ओहोटीचा प्रवाह वाहतो. खोल कण्याची एकअंगी होडी प्रवाहाचं ऐकते, दोन अंगांची उथळ कॅटामरान वाऱ्याचं. शेजारी शेजारी नांगरलेल्या दोघी मग वेगवेगळ्या दिशांना वळतात. शिष्टाचार असा की आधी आलेल्याचा फेर आधीचा. नंतर आलेल्याने हलायचं. दुसरा अपवाद पावसाच्या सरीचा. सरीबरोबर वारा एकदम वाढतो, काही वेळा दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे फिरतो, आणि इतका वेळ समोर असलेली प्रवाळांची रांग पाठीशी येते. अशा वेळी घसरणारा नांगर होडीला तिच्यावरच नेतो.

आतापर्यंत तळ म्हणजे केवळ पकड, अशा थाटात लिहिलं. त्या तळावर कोण राहतं हेही पाहायला हवं. बॅरडलच्या आसपास हिरवी समुद्री कासवं चरतात. त्यांचं मूळ चराऊ कुरण म्हणजे थॅलेसिया नावाचं समुद्री गवत, पट्टीसारख्या लांब पानांचं. जमिनीवरच्या गवतासारखीच याची मुळं आणि आडवी खोडं वाळूत जाळं विणतात. नांगर या जाळ्यावर पडला तर दोन गोष्टी होतात. एक, तो नीट रुतत नाही. फाळात गवताचा गोळा अडकतो आणि तो त्यावरून सरकत राहतो. दोन, तो खेचून काढताना जाळं फाटतं. साखळी तर होडीच्या प्रत्येक झुलण्याबरोबर तळावरून घासत फिरते. थॅलेसियाची आडवी खोडं अतिशय हळू वाढतात, अशी फाटलेली जागा भरायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे गवतात नांगरणं होडीलाही वाईट आणि गवतालाही. कप्तानाचा स्वार्थ आणि कासवाचा स्वार्थ दोन्ही वाळूकडे बोट दाखवतात, असं निसर्गात क्वचितच जुळतं.

नांगर आणखी एक गोष्ट करतो, ती कप्तानाला दिसत नाही. २००२ साली ग्रेनेडाच्या किनाऱ्यावर एक परकं गवत नोंदलं गेलं: हॅलोफिला स्टिपुलेसिया, काही सेंटिमीटरच्या जोडपानांचं. याचं मूळ घर तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि हिंदी महासागर. आपल्या मन्नारच्या आखातातही ते आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि त्या शतकाच्या अखेरीआधीच ते भूमध्य समुद्रात पोचलं. तिथून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमध्ये ते आलं ते होड्यांबरोबर, असा अभ्यासकांचा अंदाज. त्याच्या खोडाचा लहानसा तुकडाही नव्या जागी रुजतो, आणि असे तुकडे नांगराला, साखळीला आणि मासेमारीच्या सापळ्यांना लागून बेटाबेटांत फिरतात. पुढच्या काही वर्षांत ते पूर्व कॅरिबियनमध्ये बेटामागून बेट करत पसरलं, आणि सहलीच्या यॉटी बेटामागून बेट याच पाण्यात फिरतात. बोनेर बेटावरच्या लाक उपसागरात अभ्यासकांना दिसलं की कासवं मूळचं गवत चरून मोकळी करतात त्या जागीही परकं गवत शिरतं.

दिवसाच्या सहलींचा हिशोब इथे वेगळा लागतो. एका जागी आठवडाभर राहणारी होडी तळ एकदा उकरते. रोज नवं बेट गाठणारी होडी आठवड्यात सात ठिकाणी उकरते आणि सात ठिकाणांचे तुकडे पुढे नेते. कमी वेळ थांबणारा पाहुणा कमी नुकसान करतो ही समजूत नांगराच्या बाबतीत उलटी पडते.

सेंट व्हिन्सेंटच्या सरकारने १९९९ मध्ये ही बेटं खासगी मालकांकडून विकत घेतली. आज इथे टोबॅगो केज सागरी उद्यान आहे, त्यात मायरोचाही समावेश होतो. मासेमारीला बंदी, प्रवाळ आणि गवतावर नांगरायला मनाई, बॅरडलपाशी कासवांची जागा बोयांनी आखलेली. होड्या बांधायला वेगळे बोयेही आहेत, ज्यांचा दोर तळाशी कायमचा रोवलेला असतो. बोया मिळाला की साखळीचं गणित संपतं, फेर लहान होतो, तळाला धक्का लागत नाही. फक्त त्या दोराची आणि खालच्या जोडाची अवस्था पाण्यात उतरून पाहावी लागते. वरचा बोया नवा दिसतो, खालची कडी झिजलेली असू शकते.

या पाण्यात येण्यासाठी कागदपत्रंही लागतात. कारियाकू बेट डोळ्यांसमोर दिसतं, पण ते ग्रेनेडाचं. तिथून यायचं तर तिथे निघाल्याची नोंद, इकडे युनियनच्या क्लिफ्टन बंदरात आल्याची नोंद, आणि ती होईपर्यंत डोलकाठीवर पिवळं निशाण. कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही.

युनियन आणि मायरोची माणसं या सहलींवर पोट भरतात. रंगीत लाकडी होड्यांतून ती नांगरलेल्या यॉटींपाशी येतात: पाव, बर्फ, मासे, टी-शर्ट, आणि पेटी बातोच्या वाळूवर भाजून मिळणाऱ्या शेवंडांचं आमंत्रण. शेवंडांना मे ते ऑगस्ट बंदी असते, आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारीला असते तशीच. १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ कारियाकूवरून गेलं, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर. युनियन बेटावरची नव्वद टक्के घरं मोडली किंवा उद्ध्वस्त झाली असं तेव्हाचे पंतप्रधान राल्फ गोन्साल्विस यांनी सांगितलं होतं. घरं गेली तशा अनेकांच्या होड्याही गेल्या. म्हणून आता इथे जाणाऱ्याने शेवंडाच्या भावावरून फार घासाघीस करू नये, असं मला वाटतं.

निघायची वेळ तीनच्या आत धरावी. सूर्य आता पश्चिमेला, म्हणजे बाहेर पडताना पुन्हा तोंडावर, आणि सहाच्या सुमारास अंधार. नांगर काढताना साखळी ओढणाऱ्या यंत्राने होडी ओढायची नसते. इंजिनने हळू पुढे जायचं, सैल होईल तेवढी साखळी यंत्राने आत घ्यायची. नाळ बरोबर नांगरावर आली आणि साखळी सरळ खाली उभी राहिली की थोडा वेळ तशीच घट्ट धरायची. लाटेच्या एक-दोन हिसक्यांत फाळ मोकळा होतो. तो पाण्याबाहेर येताना नाळेवरच्या माणसाने वाकून पाहावं, गवत लागलेलं असेल तर हाताने काढावं, आणि ते पाण्यात न टाकता बादलीत घ्यावं. साखळी खोक्यात जाण्याआधी धुवून घ्यावी, कारण तासाभरात हाच नांगर मायरोच्या सॉल्टव्हिसल उपसागरात पडणार असतो.